अडीच मिनिटांचं धुराडं

३ मार्च, गुरुवार
कॅमेरा आला. नवा कोरा. खऱ्या फिल्मवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा. आत रीळ, आत मोटर, डिजिटल नावाचा भंपकपणा नावालाही नाही. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या जमातीची मला पहिल्यापासून शिसारी आहे. बायकोने खोक्याकडे बघून विचारलं, एवढं मोठं काय आणलंत, आणि आता ठेवायचं कुठे? उत्तर दिलं नाही. कलावंताने काही प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.
आजपासून आयुष्याला वळण. ऑफिस ही फक्त पोटाची सोय.

४ मार्च
ऑफिसात दिवसभर विम्याचे क्लेम. एकाचं वॉशिंग मशीन बंद पडलं म्हणे आपोआप. आपोआप! शेरा मारला: ‘वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा.’ असल्या लोकांना यंत्रं विकूच नयेत. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्या फायलीवर शिंकले. फाईल पुसली, हात धुतले, तरी दिवसभर ओकारी आल्यासारखं.
कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका चांगली जाडजूड आहे. मी वाचणार नाही. उपजत जाण असलेल्या माणसाने पुस्तिका वाचणं म्हणजे सुगरणीने मीठ कशाला म्हणतात ते विचारणं. बायको वाचतेय. वाचू दे.

६ मार्च, रविवार
सासरवाडीला जेवण. मोठी बातमी.
सासरे कागद कारखान्यात बॉयलरवर होते. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण निवृत्त कामगारांचं मंडळ आहे आणि सासरे त्याचे अध्यक्ष. कारखान्याचं उंच धुराडं येत्या वीस तारखेला सुरुंग लावून पाडणार आहेत. मंडळाला त्याची फिल्म हवीय, म्हणजे सगळे म्हातारे हॉलमध्ये बसून बघतील. आणि हे काम सासऱ्यांनी दिलं होतं कोणाला? गॉगलला!
गॉगल म्हणजे आमच्याकडचा लग्नाचा व्हिडिओवाला. अंधाऱ्या हॉलमध्येही काळा चष्मा काढत नाही. त्याच्या कलाकृती मी पाहिल्या आहेत. एका गुलाबातून नवरी बाहेर येते, दुसऱ्या गुलाबातून नवरा. मग दोन्ही गुलाब एकमेकांवर आपटतात. बघून दोन दिवस अन्न गोड लागत नाही.
मी ताटावरच म्हणालो, “बाबा, तुमचं आयुष्य गेलं त्या धुराड्याखाली. ते आता गुलाबातून पडणार?”
सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन एप्रिलमध्ये. “त्या दिवशी मला काही धड दिसायचं नाही, जावईबापू. नुसतं धुकं. सगळी मदार फिल्मवर. डोळे झाले की निवांत बघेन.”
मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, माझ्यावर सोडा. सासूबाई मधेच म्हणाल्या की गॉगल पोरगा वेळेवर येतो बाई. वेळेवर! जसं काही तो दूधवाला आहे.
गॉगलला मी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “दोघं घेऊ ना साहेब, दोन अँगल मिळतील.” मी म्हणालो, कलेला एकच अँगल असतो. तो म्हणाला, बरं. लाजला असावा.

९ मार्च
सराव जोरात. रीळ न घालता. एका रिळात फक्त अडीच मिनिटं, ती काय टीपॉय आणि पडदे टिपण्यात घालवायची? मोटर सुंदर घुरघुरते. मांजर मांडीवर बसल्यासारखी.
बायको म्हणाली, एक रीळ ट्रायल घ्या, पुस्तिकेत तसं लिहिलंय. मी विचारलं, सर्जन काय आधी ट्रायल म्हणून कुणाचंही पोट फाडून बघतो? ती म्हणाली, हो, आधी मुडद्यावरच शिकतात. या घरात कलेविषयी बोलायची सोय नाही.

१३ मार्च, रविवार
सासऱ्यांबरोबर जागा बघून आलो. बंद कारखाना म्हणजे घाणीचं माहेरघर. गंज, शेवाळ, कुजक्या लगद्याचा वास अजून भिंतींना. सासरे मात्र छाती भरून वास घेत होते. धुराड्याच्या बुडाशी जाऊन त्यांनी विटांवरून हात फिरवला. मी विचारलं, जुन्या आठवणी? तर म्हणाले, “छे हो. इतकी वर्षं याच्या खाली होतो, वर मान करून कधी पाहिलंच नाही. आता पाहीन म्हटलं तर दिसत नाही.”
मी लेन्स पुसली.
सुरुंगवाल्या इंजिनिअरची ओळख झाली. अत्यंत रुक्ष इसम. पण बातमी उत्तम दिली. सुरुंग विजेच्या तारांवर उडतात, मोबाइलच्या लहरींनी भलतंच काही व्हायला नको, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा! त्याने माझ्या कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, यात वायरलेस वगैरे काही? मी नुसता हसलो. परवानगी मिळाली.
म्हणजे एवढ्या गर्दीत धुराडं पडताना टिपणारा एकच डोळा असणार. माझा.
जागा ठरली: हजेरीच्या केबिनची गच्ची. तिथे कबुतरांच्या विष्ठेचा बोटभर थर आहे. बूट फेकून द्यावे लागणार. कलेसाठी काय काय सोसायचं माणसाने.

१७ मार्च
फिल्मचं नाव ठरलं, ‘धूर आणि धीर’. हॉलमध्ये करायचं भाषणही लिहून झालं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अडीच मिनिटांच्या फिल्मला वीस मिनिटांचं भाषण? हिला प्रस्तावना हा प्रकार माहीत नाही.

१९ मार्च, शनिवार
नव्या बॅटऱ्या. रीळ भरलं. एकदा बटण दाबून बघितलं, मोटर चालली. सगळं चोख. सासऱ्यांचा फोन आला की उद्या पांढरा शर्ट घालू का. मी म्हणालो, घाला. ते फिल्ममध्ये नसणार हे सांगितलं नाही.

२० मार्च, रविवार, सकाळी ७
गच्चीवर आहे. कबुतरं हटायला तयार नाहीत. एकाने खांद्यावर सही केली. पुसायला रुमाल काढला तर तोच त्या थरात पडला. वास असा की डोक्यात जातोय. खाली म्हातारे जमलेत, इस्त्रीचे कपडे, भांग पाडलेले. सासरे पांढऱ्या शर्टात प्लास्टिकच्या खुर्चीवर, शेजारी सासूबाई आणि बायको. तीन भोंगे होणार. तिसऱ्याला स्फोट. मी दुसऱ्याला बटण दाबणार. इतिहास घडायला थोडाच अवकाश.

२० मार्च, दुपार
आज काही लिहायचं नाही.

२० मार्च, संध्याकाळी ६
लिहितो. दस्तऐवज म्हणून तरी.
दुसरा भोंगा झाला. बटण दाबलं. घर्रर्र. फ्रेममध्ये धुराडं अगदी मधोमध, पाठीमागे स्वच्छ आभाळ. अंगावर काटा आला. आणि मग, टक्. बंद.
पुन्हा दाबलं. काही नाही. बॅटऱ्या काढल्या, पँटला पुसल्या, घातल्या. काही नाही. एक चापट मारली. दुसरी जरा जोरात. मग समोरच्या बाजूला जाऊन लेन्समध्ये डोकावलो, आणि त्या यंत्राला, ते बनवणाऱ्या कंपनीला, विकणाऱ्याला आणि त्या सगळ्यांच्या मागच्या पिढ्यांना तोंडाला येईल ते बोललो. तेवढ्यात तिसरा भोंगा झाला असणार. मला ऐकूच आला नाही. एकदम गच्ची हादरली, कबुतरं उडाली. वळून बघितलं तर नुसतं आभाळ. आणि धुळीचा डोंगर.
खाली आधी चिडीचूप. मग टाळ्या.
धुळीतून सासऱ्यांचा आवाज आला, “मिळालं का, जावईबापू?”
मी ओरडलो, “मिळालं!”
हे खोटं नाही. फिल्म ही अत्यंत संवेदनशील वस्तू असते. काहीतरी नक्कीच मिळालं असणार.

२१ मार्च
दुकानदाराकडे. हा मनुष्य बोलताना दात कोरत असतो. सगळी हकिकत ऐकून म्हणाला, “वापरताना काहीतरी चुकलं असेल, साहेब.” वापरताना! मला! मी वापरणाऱ्यांच्या चुका शोधण्यात उभी हयात घालवली, आणि हा काडीवरचा तुकडा बघत मला सांगणार? त्याने बटण दाबलं. कॅमेरा सुरू झाला. अर्थातच. दातदुखी डॉक्टरच्या दारातच थांबते. मग विचारतो कसा, पुस्तिका वाचलीत का?
कॅमेरा तपासणीला कंपनीकडे पाठवला. रीळ धुण्यासाठी परगावच्या लॅबला. दुकानाबाहेर पडून थुंकलो. मी एरवी रस्त्यात थुंकत नाही.

२४ मार्च
सासऱ्यांचा रोज फोन. रोज वेगळं उत्तर द्यावं लागतं. परवा रसायनं, काल हवेतला दमटपणा, आज लॅबवाल्याच्या घरी आजारपण. बायको भाजी निवडता निवडता ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “अहो, खरं सांगा. पडताना घेतलंत का?”
मी म्हणालो, घेतलं की नाही ते लॅब ठरवते. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं उतू गेलेल्या दुधाकडे पाहतात. चूक कोणाची ते नंतर, आधी पुसायचं कोणी हा प्रश्न.
“बाबांना तुम्हीच सांगा,” म्हणाली. “मी नाही सांगणार.”
सांगीन. योग्य वेळी.

२ एप्रिल, शनिवार
विजय! कंपनीचं उत्तर आलं. मोटरची एक तार कारखान्यातच धड जोडलेली नव्हती. त्यामुळे मोटर मनाला येईल तेव्हा थांबते आणि मनाला येईल तेव्हा आपोआप सुरू होते. चूक मान्य, दिलगिरी व्यक्त, बदल्यात नवा कॅमेरा. म्हणजे मी निर्दोष! लेखी निर्दोष! दुकानदाराला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने काडी बदलली, बाकी काही नाही.
घरी येऊन बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरं. मग आता धुराडं परत उभं करून देणार का ते?”
क्षुद्र बुद्धी.

५ एप्रिल
गॉगलकडे गेलो. सहज. तिकडून जातच होतो. त्याची खोली म्हणजे कोंदट अंधार, उदास पडदे, वायरींचे साप. आत बसूनही काळा चष्मा. बोलता बोलता विचारलं की त्या दिवशी बाहेरच्या रस्त्यावरून वगैरे कोणी काही शूट केलं असेल का. तो म्हणाला, “मी तर लग्नाला होतो, साहेब. तुम्हीच नको म्हणालात.”
मी पायातली एक वायर बाजूला सारली. मग म्हणाला, “कुठलंतरी दुसरं धुराडं पडताना मिळवून देऊ का? रंग बदलला की कोण ओळखतंय. काकांना तसंही नीट दिसत नाही.”
किळस आली. त्याची आली, आणि मी लगेच नाही म्हणालो नाही याचीही थोडी आली. विचार करतो म्हणून उठलो. जिन्यात विचार केला. परत वर जाऊन नको म्हणून सांगितलं. एवढं तरी इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

१२ एप्रिल
सासऱ्यांचा एक डोळा झाला. पट्टी निघाल्यावर ते प्रत्येकाला जवळ बोलावून बघत होते. सासूबाईंना म्हणाले, अगं, तुझे केस कधी पांढरे झाले? मला म्हणाले, “जावईबापू, तुम्ही सुटलात बरं का.” मग खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या तारेवरचे कावळे मोजत बसले. मला ते बघवेना.
आज सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनीच जाहीर केलं की चोवीस तारखेला मंडळाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवायची, सगळ्यांना निरोप गेलेत. दवाखान्यात असल्या गोष्टी बोलू नयेत. डोळ्यावर ताण येतो.

१९ एप्रिल
रीळ आलं! खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं. चित्रं नखापेक्षाही लहान, पण रीळ शेवटपर्यंत भरलेलं आहे! मोटर आपोआप सुरू झाली होती तर! आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत मधोमध एक मोठा, काळसर, भक्कम आकार, दोन्ही बाजूंना पांढरे लोट. दुसरं काय असणार? धुराडं! आणि धूळ!
मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. बायकोला रीळ दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, म्हणाली, धुराडं असं गोल असतं का हो? आणि आधी घरी लावून तरी बघा. मी म्हणालो, कलाकृतीचं पहिलं दर्शन प्रेक्षकांबरोबरच घ्यायचं असतं. सासऱ्यांना फोन केला. त्यांचा आवाज कापरा झाला. माझाही झाला असता, मी आवरला.
प्रोजेक्टर भाड्याने सांगितला. भाषणात आणखी दोन पानं वाढवली.

२४ एप्रिल, रविवार, रात्री ९
हॉल भरला होता. घामाचा, फिनाइलचा आणि खोबरेल तेलाचा मिळून एक वास. सासरे पहिल्या रांगेत, नव्या चष्म्यात. भाषण सुरू केलं. तिसऱ्या पानावर कोणीतरी मागून म्हणालं, “आता पाडा हो!” दिवे घालवले.
पडद्यावर धुराडं उभं राहिलं. सरळ, उंच, मागे आभाळ. खरोखर सुंदर. ते मी घेतलंय, हे कोणी नाकारू शकणार नाही. हॉलमध्ये एवढी शांतता की फक्त प्रोजेक्टरची टिकटिक. सासरे खुर्चीत पुढे सरकले.
मग पडदा हलला. आणि एक काळसर, भक्कम आकार मधोमध आला.
माझं डोकं.
लेन्समध्ये डोकावताना. धूसर, भिंतीएवढं, नाकपुड्या गुहेसारख्या. ते हरामखोर यंत्र माझ्या चापटीने सुरू झालं होतं आणि मला कळलं नव्हतं. तोंड सारखं उघडत मिटत होतं. आवाज नव्हता म्हणून देवाचे आभार मानले, पण त्यातही घाईच झाली. ही माणसं आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटात काम केलेली. एकमेकांचे ओठ वाचून बोलायची सवय. मागच्या रांगेतून एकाने मी कंपनीला काय म्हणालो ते वाचलं. मोठ्याने. दुसऱ्याने दुकानदाराबद्दलचं वाचलं. मग सगळा हॉल एका सुरात वाचायला लागला. त्यातले काही शब्द बायकोने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आता ऐकले.
मग चित्राला एक हादरा बसला आणि माझ्या दोन्ही कानांमागून हळूहळू पांढरी धूळ वर आली. धुराडं पडलं. माझ्या डोक्यामागे. सबंध. वीटसुद्धा दिसली नाही. पुढे मी वळतो, आणि शेवटपर्यंत माझं टक्कल आणि आभाळ.
दिवे लागले. म्हातारे डोळे पुसत होते. एकाला ठसका लागला, त्याला पाणी दिलं. पुन्हा लावा, पुन्हा लावा! पुन्हा लावावं लागलं. माझ्या आयुष्यात इतका एकजीव प्रेक्षक मला पुन्हा मिळणार नाही, आणि नकोच.
सासरे हसले नाहीत. उठून बाहेर गेले.
गेलो मागोमाग. ते हॉलच्या पायऱ्यांवर बसले होते, शेजारी सासूबाई. म्हणालो, बाबा, कंपनीचं पत्र आहे, चूक त्यांची आहे, लेखी आहे. म्हणाले, असू द्या. मग कारखान्याच्या दिशेला बघत विचारलं, “पण तुम्ही तर अगदी समोर होता. पडलं कसं?”
सांगायला लागलो. शब्द आपोआप आले. म्हणालो, आधी डावीकडे कललं, राजासारखं. मग नमस्काराला वाकावं तसं वाकलं. क्षणभर हवेत थांबलं. मग... सासरे डोळे मिटून ऐकत होते. चांगलं चाललं होतं.
सासूबाई म्हणाल्या, “कललं कुठे? जागच्या जागी खाली बसलं ते.”
आत कोणीतरी अजून माझ्या ओठांची नक्कल करत होतं.
“जावईबापू,” सासरे म्हणाले, “तुम्हाला दिसलं होतं का हो?”
पत्र खिशात होतं. पाच पानांचं भाषणही होतं.
“नाही,” म्हणालो.
त्यांनी थोडं सरकून पायरीवर जागा केली. “मग बसा इथे,” म्हणाले. “ती सांगतेय.”
बसलो. सासूबाईंनी पदर सावरला आणि पहिल्या भोंग्यापासून सुरुवात केली.